खिरीच्या आधीची कळ

दुर्बीण हा शब्द डॉक्टरांनी वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुर्बिणीनं माणूस बघतो. बघितल्यानं कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून घरातले सगळे निर्धास्त होतात. माझ्या आईच्या तोंडातून जी दुर्बीण पोटात घातली, तिच्यातून त्यांनी बारीक तार आत सरकवली, त्या तारेनं पित्तनळीचं तोंड कापलं, एक्स-रेत नळी दिसावी म्हणून आत रंग सोडला आणि अडकलेला खडा ओढून काढला. याला बघणं म्हणत नाहीत. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, तेवढं मला कळतं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. वडील जाऊन बराच काळ लोटला होता आणि आई शहरात द्वारका चौकाजवळच्या घरी दादा-वहिनीकडे राहत होती. दादा माझा मोठा भाऊ, सरकारी कचेरीत कारकून. वहिनी विंचूरकडच्या शेतकरी घरातली, सातवीपर्यंत शिकलेली. मी लग्नानंतर देवळाली कॅम्पला राहत होते आणि तिथल्याच एका शाळेत शिकवत होते. महिन्यातून एकदा बस पकडून आईला भेटायला जायचे. अशाच एका रविवारी बघितलं तर आईचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेले आणि खाजवून खाजवून हातांवर ओरखडे उठलेले. दादानं तोवर कुठल्याशा गावाहून काविळीचं झाडपाल्याचं औषध आणून पाजलं होतं. त्यात तीन आठवडे गेले, त्याबद्दलही माझा राग आहे, पण तो किरकोळ.

मग सोनोग्राफी झाली. ती तेव्हा शहरात नवीनच आली होती. पित्ताशयात खडे आहेत आणि एक खाली उतरून नळीत अडकलाय, असं निघालं. शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात मुंबईचे एक मोठे डॉक्टर महिन्यातून दोन रविवारी यायचे. आपली दुर्बीण ते सुटकेसमधून बरोबर आणत आणि काम उरकून संध्याकाळच्या गाडीनं परत जात. त्यांनी दादाला सांगितलं, ऑपरेशन नाही, टाका नाही, नुसती दुर्बीण घालायची, दोन दिवसांत घरी. दादाचा चेहरा खुलला. समोर इंग्रजीतला एक फॉर्म आला, त्यावर त्यानं सही केली. मला इंग्रजी वाचता येत होतं. मी शेजारी उभी होते आणि तो वाचला नाही.

आईला अकराच्या सुमारास आत नेलं. अर्ध्या तासाचं काम म्हणाले होते, त्याला दीड तास लागला. बाहेरच्या बाकावरून मी बघत होते, सिस्टर रंगाची बाटली घेऊन आत गेली, थोड्या वेळानं दुसरी घेऊन गेली. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि स्टीलच्या वाटीत त्यांनी खडा दाखवला, तुरीच्या डाळीएवढा, काळपट. दादानं वाकून नमस्कार केला. त्या खड्यापायी पुढं घरात डॉक्टरांविरुद्ध कुणी एक शब्द ऐकून घेतला नाही. खडा सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

आईला वरच्या मजल्यावर वॉर्डात आणलं. सिस्टर घाईत होती. तिनं खाटेच्या पायथ्याला पत्र्याची एक पाटी अडकवली, उद्या सकाळपर्यंत, एवढंच म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली. पाटीवर लाल रंगात लिहिलं होतं, उपास. त्यांना म्हणायचं होतं उपाशी ठेवा, पोटात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका. पाटी लहान, रंगवणाऱ्यानं मावेल तेवढं लिहिलं असावं. आपल्याकडे उपाशी म्हणजे पोट रिकामं, हे पोरालाही कळतं. उपास मात्र वेगळा. उपासाला साबुदाणा चालतो, भगर चालते, दूध, केळं, शेंगदाण्याचा लाडू, सगळं चालतं. कित्येक घरांत उपासाच्या दिवशी माणूस एरवीपेक्षा जास्त खातो. हॉस्पिटलात एवढी शिकलेली माणसं वावरत होती, त्यांतल्या एकाच्याही हे लक्षात आलं नाही.

दादा आणि वहिनी जेवायला घरी गेले आणि आईजवळ मी एकटीच थांबले. तीन वाजून काही मिनिटं झाली असतील. शाळेतल्या तासांमुळे मला सारखं घड्याळ बघायची सवय, म्हणून वेळ पक्की आठवते. आई एकदम उठून बसली, गुडघे पोटाशी घेतले आणि पुढं वाकली. बेंबीच्या वर कळ उठली होती आणि ती थेट पाठीत जात होती. "आरपार काहीतरी घुसतंय गं," ती म्हणाली. तिला सहा बाळंतपणं झाली होती, त्यांतली दोन मुलं जगली. दुखण्याला ती भिणारी नव्हती. मी सिस्टरला बोलावलं. ती म्हणाली, गॅस आहे, दुर्बिणीत हवा भरतात.

मी खाली गेले. मुंबईचे डॉक्टर ऑफिसात बसले होते. टेबलावर उघडी सुटकेस होती आणि ते स्वतः दुर्बीण पुसून तिच्यात ठेवत होते, अगदी जपून. मी सगळं सांगितलं, कळ कुठं उठलीय, कुठं जातेय, आई कशी वाकून बसलीय. त्यांनी मान वर न करता सांगितलं की हवा भरावीच लागते, तासाभरात उतरेल, तसंच वाटलं तर इथले डॉक्टर आहेत. मी म्हटलं, एकदा वर येऊन बघता का? त्यांनी घड्याळ बघितलं आणि गाडीची वेळ सांगितली. वर जायला चौदा पायऱ्या होत्या. पुढच्या बारा दिवसांत मी त्या इतक्यांदा चढले-उतरले की आकडा पाठ झाला. तेवढ्या चौदा पायऱ्या तो माणूस चढला नाही.

चार वाजले, साडेचार वाजले, कळ वाढतच होती. मी पुन्हा सिस्टरच्या टेबलाशी गेले, इथल्या डॉक्टरांना निरोप पाठवा म्हणून भांडत होते. तेवढ्यात दादा आणि वहिनी आले. मी परत खाटेपाशी पोचले तेव्हा वहिनी आईला चमच्यानं खीर भरवत होती. साबुदाण्याची, दूध घालून अगदी पातळ केलेली. जाताना तिनं पाटी वाचली होती. घरी जाऊन, स्वतः धड न जेवता, तिनं साबुदाणा भिजवला होता. सासूच्या पोटात आगडोंब आहे आणि दिवसभर काही नाही, म्हणून.

मी तिला थांबवलं नाही. हे मला नीट लिहायचंय, कारण नंतर सगळ्यांनी जे बोलायचं ते वहिनीलाच बोलले. पाटी मीही वाचली होती. उपास म्हटल्यावर साबुदाणा, हे माझ्याही डोक्यात तितकंच बसलेलं होतं. उलट मला बरं वाटलं की आई काहीतरी घेतेय. आईनं चार चमचे घेतले, पाचवा हातानं सारला आणि थोड्या वेळानं सगळं उलटून पडलं. तेव्हा पाच वाजून गेले होते. कळ उठल्याला दोन तास होऊन गेले होते.

हॉस्पिटलचे इथले डॉक्टर आले तोवर साडेसहा झाले. आईचं पोट फुगलं होतं, नाडी पळत होती, अंग गार पडलं होतं. त्यांनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला, तो मी बघितला. दुखण्याचं नाव त्यांना तिथंच कळलं असणार. मग त्यांची नजर खाटेखालच्या डब्यावर गेली. काय दिलं, असं त्यांनी विचारलं.

"उपासाची खीर," वहिनी म्हणाली. "पाटीवर उपास लिव्हलंय ना."

डॉक्टर नाकातून हसले. वहिनीशी ते एक शब्द बोलले नाहीत, दादाकडे वळले. म्हणाले, "पेशंटला घरच्यांनी खायला घातलंय. आता पुढं जे होईल त्याला हॉस्पिटल जबाबदार नाही." मी मध्ये पडले, सांगितलं की दुखणं तीन वाजल्यापासून आहे, खीर पाचला दिली, खालच्या डॉक्टरांनाही मी सांगून आले होते. त्यांनी मला विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का? आणि केसपेपरवर इंग्रजीत एक ओळ लिहिली, नातेवाइकांनी सूचना डावलून खायला घातलं. तीन वाजताच्या कळेबद्दल त्या कागदावर अक्षर नव्हतं.

स्वादुपिंडाला सूज आली होती. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात एकाच तोंडाशी येऊन मिळतात. त्या तोंडाशी फार खुडबूड झाली, रंग चुकून दुसऱ्या नळीत गेला, की ती जागा सुजते आणि अन्न पचवायचा रस आतल्या आत कोंडून स्वादुपिंडालाच पचवायला लागतो. हे मला पुढं समजलं. त्या दिवसांत एवढंच दिसत होतं की आईच्या नाकातून पोटात रबरी नळी घातलीय, तिच्यातून हिरवं पाणी बाटलीत येतंय, दोन्ही हातांना सलाईन आहे आणि ओठ ओले करायलाही परवानगी नाही. दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं की चार तास ग्लानी, मग परत तेच कण्हणं. रक्तातल्या एका तपासणीचा आकडा पॅथॉलॉजीवाल्यानं दोनदा मोजून बघितला, इतका तो वर गेला होता. यावर दुसरा उपाय नव्हता. पोट रिकामं ठेवायचं, शिरेतून पाणी द्यायचं, लघवी मोजायची आणि वाट बघायची. मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी फोनवरूनच हेच करा म्हणून सांगितलं. त्यांची महिन्यातली दुसरी खेप पुढच्याच रविवारी होती, तेव्हा ते आले, खाटेशी दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, काही पेशंट सांगितलेलं ऐकत नाहीत.

बारा दिवस वहिनी हॉस्पिटलात होती. आईची लघवी मोजणं, बाटली रिकामी करणं, कूस वळवणं, सगळं तिनं केलं. मी शाळा सुटल्यावर जायचे. भेटायला नातेवाईक यायचे, व्हरांड्यात उभे राहायचे आणि त्यांना कुणीतरी खिरीची हकिगत सांगायचं. तिखटमीठ लावून सांगायचं. वहिनी तिथंच बाटली धूत असायची. एका मामीनं तर तिला तोंडावर विचारलं, सातवीपर्यंत शिकूनसुद्धा एवढं कळू नये? मला त्या मामीच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. गेले मात्र नाही. आईच जगते की मरते, अशात हे कुठं काढायचं, असं मी स्वतःला समजावलं.

आई जगली. घरी आली, आणि दीड महिन्यानं तिच्या पोटात वरच्या बाजूला नारळाएवढा गोळा लागायला लागला. स्वादुपिंडाजवळ पाण्याची पिशवी धरली होती. या खेपेला आम्ही तिला मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. दादा दाखल करायच्या रांगेत होता, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या सर्जननी कागद बाजूला ठेवून मला पहिल्यापासून सांगायला लावलं. त्यांनी विचारलं, कळ किती वाजता उठली? इतक्या दिवसांत हा प्रश्न विचारणारे ते पहिलेच. मी सांगितलं, तीनला. खीर? पाचला.

ते म्हणाले, "मग खिरीचा यात काही संबंध नाही. हे दुर्बिणीनं झालंय. चांगल्या हातूनही होतं, कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. पण असं होऊ शकतं हे घरच्यांना आधी सांगायचं असतं आणि त्या दिवशी पेशंटजवळ थांबायचं असतं."

मला तिथं रडू आलं. दुर्बीण वाईट, असं मी आजही म्हणत नाही. तिनं पुढं कितीतरी लोकांची मोठी ऑपरेशनं वाचवली. आईच्या नशिबी जे आलं ते कुणाच्याही येऊ शकलं असतं. ते झाल्याचा माझा राग नाही. झाल्यावर एका मोठ्या माणसानं ते आपलं म्हणून उचललं नाही, आणि जी समोर डबा घेऊन उभी होती तिच्या पदरात टाकलं, त्याचा आहे.

परतताना गाडीत मी दादाला सगळं सांगितलं. आई तिकडंच ऑपरेशनसाठी दाखल होती, तिच्याजवळ मुंबईतली एक नातेवाईक थांबली होती, आणि डब्यात आम्ही दोघंच शेजारी होतो. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला की बरोबर असेल, पण आता कशाला काढायचं? डॉक्टरांशी वाकडं घेऊन चालत नाही, उद्या परत त्यांचीच पायरी चढायची वेळ आली तर? आणि घरात ते आता सगळे विसरतील. मी म्हटलं, वहिनीला तरी सांग. तो म्हणाला, सांगतो. तो सांगेल असं मी धरून चालले. मला ते सोयीचं होतं, दुसरं काय.

मी एकटी आमच्या शहरातल्या त्या हॉस्पिटलात मात्र गेले. मुंबईच्या सर्जननी लिहून दिलेला कागद इथल्या डॉक्टरांपुढं ठेवला आणि म्हटलं, केसपेपरवरची ती ओळ खोडा. त्यांनी कागद वाचला, परत दिला आणि केसपेपर बदलता येत नसतो म्हणाले. निदान पाटी तरी बदला, म्हटलं. ते म्हणाले, बघू. सहा-सात महिन्यांनी आमच्या शाळेतल्या एक बाई तिथं दाखल होत्या, त्यांना बघायला गेले तर त्यांच्या खाटेला तीच पाटी होती. मी ती काढली, सिस्टरच्या टेबलावर आपटली आणि सांगितलं, ही परत लावलीत तर मी फोडीन. सिस्टर बिचारी नवी होती. तिला काय झालंय ते कळेना.

दादा म्हणाला होता सगळे विसरतील. कुणी विसरलं नाही. मुंबईचं ऑपरेशन नीट पार पडून आई परत आली, ती वहिनीच्या हातचं खायला कचरायला लागली. ताटात काही पडलं की विचारायची, उपासाचं नाही ना? आधी भीतीनं विचारायची, मग चेष्टेनं, मग टोचायला. पाहुण्यारावळ्यांत ती घरातली ठरलेली थट्टाच झाली. कुणाला जास्त वाढायचं असलं तरी म्हणायचे, वहिनींना सांगू नका, त्या खीर करतील. वहिनी खाली मान घालून वाढत राहायची. त्या घरात तिनं पुन्हा कधी साबुदाणा आणला नाही. एका बारशाला सगळे असेच हसले तेव्हा मीही हसले. त्याची मला आज इतकी लाज वाटते की हे वाक्य मी दोनदा खोडून परत लिहिलंय.

आईला पुढं मधुमेह जडला. स्वादुपिंड अर्धं निकामी झालं होतं, त्यामुळंच. वहिनी तिला रोज इंजेक्शन द्यायला शिकली. तीनेक वर्षांनी आई हृदयविकारानं गेली, एका सकाळी चहाचा कप हातात असताना.

तेराव्याच्या जेवणाला जवळचीच माणसं होती. पुरुषांची पहिली पंगत बसली होती, मी भात वाढत होते आणि माझ्या मागून वहिनी वरण घेऊन येत होती. आत्या, म्हणजे आईची नणंद, भिंतीला टेकून बसली होती. ती शेजारणीला, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "लय सोसलं बिचारीनं. त्या खिरीनंच आतून खाल्लं तिला."

माझ्या हातात भाताची परात होती. ती मी जमिनीवर ठेवली. मी म्हटलं की खिरीनं काही झालं नाही. कळ तीनला उठली, खीर पाचला दिली. दुर्बिणीनं झालं, मुंबईच्या सर्जननं मला स्वतः सांगितलंय. पंगतीतले हात थांबले. माझा आवाज फार चढला होता असं नंतर नवऱ्यानं सांगितलं.

वहिनी वरणाचं पातेलं धरून उभी होती. "म्हंजे माझ्या हातनं नाय झालं," ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं.

"हे तुमाला मुंबईला गेला व्हता तवाच कळलं?"

"हो."

"मग तवा कुणाला बोलला का नाय, ताई?"

मी खोटं बोलू शकले असते. तेरावा होता, घर भरलेलं होतं, कुणीही समजून घेतलं असतं. मी म्हटलं, "दादाला सांगितलं होतं. त्याच दिवशी, गाडीत."

दादा पंगतीत तिसऱ्या पानावर बसला होता. त्यानं वर बघितलं नाही. वहिनीनंही त्याच्याकडे बघितलं नाही. ती माझ्याकडेच बघत होती, रागानं नव्हे, काहीतरी हिशेब जुळवावा तशी. "ह्यांना ठावं व्हतं," ती हळू म्हणाली. मला विचारलं नव्हतं तिनं.

मग ती वाकली आणि वरण वाढायला लागली. पहिल्या पानावर वाढलं, दुसऱ्या पानावर वाढलं, तिसरं सोडून चौथ्यावर गेली आणि तशीच पुढं शेवटच्या पानापर्यंत. तिला कुणी हाक मारली नाही. दादा कोरडाच भात कालवत बसला.